बादलीतले पाय

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात शिरताना पाय धुण्यासाठी वाटेतच उथळ पाणी केलेलं आहे. चार बोटं खोल, दोन पावलांत पार. लहान लेकरं त्यात मुद्दाम उड्या मारतात, म्हाताऱ्या बायका पदर सावरून सावकाश जातात. मी सुदर्शन, चाळिशीला टेकलेला, रेल्वेच्या विभागीय कार्यालयातला कारकून. डिसेंबरात मी त्या पाण्यातून जातो तेव्हा तोंडातून असा आवाज निघतो की एकदा सेवेतले एक सरदारजी काका धावत आले आणि काच लागली की काय म्हणून पाणी चाचपू लागले. काच नव्हती. पाणी गार होतं.

ऑफिसात मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन-दोन मोजे घालतो. साहेबांनी एकदा बाजूला घेऊन मधुमेह आहे का विचारलं. सासुरवाडीत असा समज आहे की जावई नाजूक आहेत. दोन्ही खोटं. मी बारावीला लातूरला होतो, एवढंच माझं दुखणं.

ते साल २००३. भूकंपाला दहा वर्षं होत आली होती. पूर्वी बाहेर कुठे लातूरचं नाव काढलं की लोक चुकचुकायचे, आता टक्के विचारायला लागले होते. गल्लोगल्ली क्लास निघाले होते. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त त्याने त्या पोरांना भाड्याने दिल्या, जिच्या हाताला चव होती तिने मेस काढली, आणि जिच्या हाताला नव्हती तिनेही काढली. आमचं गाव रेणापूरजवळ. वडील ग्यानोबा, त्यांना आम्ही दादा म्हणतो. आई गुणाबाई, ती माय. घरची जमीन, विहिरीला पाणी, खाऊन-पिऊन बरं. पण दादांच्या मनाने घेतलं होतं की माझ्या पायाला पुन्हा माती लागायची नाही, मी डॉक्टर व्हायचं. त्यांनी मला गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत, जलीलचाचांच्या चपलांच्या दुकानावरची खोली घेऊन दिली.

बादली जुलैत आली. आमच्या क्लासने मागच्या वर्षी बोर्डात आलेल्या मुलाचा सत्कार ठेवला होता, पालकांसकट. हार घालून झाल्यावर सरांनी त्याला विचारलं, यशाचं रहस्य काय? तो म्हणाला, झोप येऊ नये म्हणून मी गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून अभ्यास करायचो. टाळ्या पडल्या. दादा तिसऱ्या रांगेत बसले होते. समारंभ संपला तसे ते चहालाही थांबले नाहीत, मला घेऊन थेट भांड्यांच्या दुकानात गेले आणि निळी, जाड, कडीची बादली निवडली. दोन्ही पाय मावतात का हे पाहायला त्यांनी मला दुकानातच तिच्यात उभं केलं. दुकानदाराला काही वाटलं नाही. त्या दिवशीचं ते तिसरं गिऱ्हाईक होतं.

दिवाळीपर्यंत मजाच होती. लातूरला नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, त्यामुळे बादलीतलं पाणीही आठवडाभर तेच. त्यात काय काय वाढत होतं ते मी पाहिलं नाही. जीवशास्त्राचा अभ्यास चालू होता. दर रविवारी क्लासमध्ये परीक्षा व्हायची आणि क्रमांकाप्रमाणे बाकं मिळायची. मी एक्काहत्तरावरून अठ्ठेचाळिसावर आलो, मग तिसावर. मी जागून वाचत होतो म्हणून आलो असेन, पण श्रेय बादलीला गेलं. रविवारी दादा रेणापूरच्या बूथवरून खालच्या दुकानात फोन करायचे. जेवलास का, बरा आहेस का, असलं काही नाही. पहिला प्रश्न, "बादली चालू हाय ना?"

मी म्हणायचो, "हाव."

"मग काळजी न्हाई," असं म्हणून ते फोन ठेवायचे.

माझा खोलीतला जोडीदार बसवंत, निलंग्याकडचा. तो रात्री दहाला झोपायचा, सकाळी सहाला उठायचा आणि त्याचा क्रमांक नववा होता. त्याचं यश कशात आहे याचा विचार आमच्या क्लासमध्ये कोणी केला नाही.

डिसेंबरात थंडी पडली. पहाटे तीन ते सात आणि रात्री जेवणानंतर तीन तास, असे माझे सात तास बादलीत जायचे. पहिले काही दिवस पाय सुया टोचल्यासारखे झोंबले. मग लालबुंद झाले, मग पांढरेफटक पडले आणि कपडे धुणाऱ्या बाईच्या हातांसारखे सुरकुतले. मग हळूहळू पाणी गार लागेनासं झालं आणि पुन्हा झोप यायला लागली. मी रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून टाकायला सुरुवात केली. बर्फही लागेना. तेव्हा मला वाटलं, जिंकलो. पायांना सवय झाली. आपण तयार झालो. त्यात भर म्हणजे त्याच आठवड्यात माझा क्रमांक सतरावा आला.

एका दुपारी मी क्लासवरून खोलीवर आलो तर बसवंत माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "दुसरी चप्पल कुठाय?"

डाव्या पायात चप्पल नव्हती. ती क्लासच्या पायरीपाशी निघून राहिली होती आणि मी अर्धा किलोमीटर डांबरी रस्ता, खडी, गंजगोलाईतली सगळी वर्दळ तिच्याशिवाय ओलांडून आलो होतो. मला कळलंच नव्हतं. चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटायचं, त्यात एक चप्पल कमी-जास्त. आम्ही दोघं हसलो. बसवंत जरा कमी हसला.

संक्रांत चार दिवसांवर आली असताना पाय इतके सुजले की सात नंबरच्या चपलेत मावेनात. मी मोजे ओढले आणि खाली दुकानात गेलो.

जलीलचाचा पन्नाशीचे. माणूस दुकानात शिरला की आधी त्याच्या पायांकडे बघायचे, मग वाटलं तर तोंडाकडे. स्वतः मात्र कधी चप्पल घालायचे नाहीत. उन्हाळा असो की पावसाळा, पायात काळे कापडी बूट. टाचांवर जोर देऊन चालायचे. आम्ही पोरं त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो, हे आता सांगायला लाज वाटते.

"चाचा, नऊ नंबर दाखवा."

"कुणासाठी?"

"मलाच."

"जूनमधी तूच सात नेला."

"पाय वाढला."

त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "अठराव्या वर्षी पाय थांबतो बेटा. सहा महिन्यांत दोन नंबर वाढायला ते काय वेलावरचं वाळूक हाय? मोजा काढ."

मी काढला. बुरसटलेल्या फडक्यासारखा वास सुटला. पाय पांढरट, फुगलेला, आणि डाव्या पायाची शेवटची दोन बोटं काळपट निळी. मी ते रोज बघत होतो, पण दुसरं कोणी बघत असताना मी ते पहिल्यांदा पाहिलं.

चाचांनी गल्ल्याशेजारची आरी उचलली. चपलेला टाका घालतात ती. "वर त्या पंख्याकडे बघ," ते म्हणाले. "लागलं की सांग."

मी पंख्याकडे बघत राहिलो. पंख्यावर बरीच धूळ होती. थोडा वेळ गेला.

"लावा ना चाचा."

"लावून राहिलो."

मी खाली पाहिलं. अंगठ्यावर रक्ताचा थेंब होता. दुसरा त्याच्याशेजारी. तिसऱ्या ठिकाणी आरीचं टोक अजून आत होतं.

मग ते माझ्यावर असे ओरडले की समोरचा बांगड्यावाला मण्यार उठून दुकानाच्या दारात आला. गाढवा, नालायका, शिकून काय होणार तू, पायाचा मुडदा करून बसलास! बादलीचं सांगितल्यावर आणखी ओरडले. मग भर दुपारी शटर अर्धं ओढलं, स्टुलावर बसले आणि स्वतःचा उजवा बूट काढला. पायाला तीनच बोटं होती.

"भूकंपाला गेलतो," ते म्हणाले. "किल्लारीकडं. लोक रात्रीचे अनवाणी पळाले आसतील म्हून दुकानातल्या चपला टेम्पोत भरल्या अन् गेलो. वाटायला गेलो अन् दगड उचलायला राहिलो. वरून पाऊस. नऊ दिवस बूट काढला न्हाई. पाय गार पडले, झोंबले. पण तिथं कुणाची माय दगडाखाली, कुणाचं लेकरू. मी कुणाला सांगू, माझे पाय गार पडले म्हून? लाज वाटली. मग गारच लागंना. मला वाटलं, बरं झालं."

त्यांनी बूट परत चढवला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण पुढच्याने बूट काढून दाखवल्याशिवाय मागच्याला कळणार कसं?

माझी मात्र वेगळीच घालमेल चालली होती. "चाचा, दादांना सांगू नका," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात परीक्षा हाय. नंतर सीईटी. तेवढं होऊ द्या, मग मी दाखवतो डॉक्टरला."

"अन् परीक्षेला जाशील कशावर?"

मी मोजा परत चढवायला लागलो.

ते मला रिक्षात घालून एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय पाहिले, दाबले, मग चष्मा काढून विचारलं, "सैन्यात आहेस का?"

"न्हाई. बारावीला."

"असा पाय लढाईत व्हायचा. खंदकात आठवडेच्या आठवडे पाण्यात उभे राहिलेल्या शिपायांचा. लातुरात खंदक कुठे सापडला तुला?"

"बादली," मी म्हणालो. त्यांनी कागदावर तसंच लिहिलं.

पाय कोरडे ठेवायचे, उंच ठेवायचे, चोळायचे नाहीत, शेकायचे तर अजिबात नाहीत. बाकीचा पाय वाचेल. डाव्या पायाची दोन बोटं राहतात की काढावी लागतात ते चार दिवसांनी सांगतो. आणि घरच्यांना बोलावून घे. एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दादांना निरोप चाचांनीच रेणापूरच्या बूथवर फोन करून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने दोघं आली. मायने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या पोळ्या आणि पदराच्या गाठीतून बिब्बा काढला. आमच्याकडे पायाला काहीही झालं की बिब्बा तापवून त्याचं तेल लावतात. भेगा असोत, काटा असो, नाही तर नशीब. तिने बसवंतच्या स्टोव्हवर बिब्बा धरलासुद्धा. दादा खुर्चीपाशी उभे होते, बादलीकडे बघत. काही बोलत नव्हते. माझ्याकडे बघत नव्हते. माझी बोटं जाण्यापेक्षा मला त्या गप्प राहण्याचीच जास्त भीती वाटत होती. एवढ्या वर्षांचा त्यांचा बेत माझ्या पायांपाशी येऊन थांबला होता.

वास खालपर्यंत गेला असावा. जलीलचाचा टाचांवर धाडधाड जिना चढून वर आले.

"वहिनी, तो बिब्बा बाजूला ठेवा!"

"पायाला बिब्बाच लागतो, भाऊ."

"ह्या भेगा न्हाईत. त्याला काही लागतच न्हाई. तुम्ही भाजलं तरी कळायचं न्हाई त्याला. मी आरी टोचून पाहिली."

तेव्हा दादा पहिल्यांदा बोलले. अगदी सहज. "न लागायला काय झालं? माझ्या बी पायाला लागत न्हाई."

मायने बिब्बा खाली ठेवला.

"कवापासून?" चाचांनी विचारलं.

"लई वर्षं झाले. गव्हाला पाणी द्यावं लागतं. लाईट रात्रीचीच राहती. हिवाळाभर पाण्यातच उभं. पहिले दोन-चार हिवाळे झोंबलं, मग बंद झालं. गावात समद्यांचं तसंच हाय." मग ते बादलीकडे बघत म्हणाले, "मी म्हणलं, माझं अख्खी रात्र चालतं, लेकराला दोन-चार घंट्यांनी काय होतंय? त्याला तर बसायला खुर्ची बी हाय."

चाचा खाली गेले आणि आरी घेऊन आले. दादांनी काही न विचारता कॉटवर बसून पाय पुढे केला. चाचा टोचत होते आणि दादा मला सांगत होते की गाडीला मुरुडचे एक पाहुणे भेटले, त्यांचाही मुलगा यंदा बारावीला आहे, तोही बादली वापरतो. टाचेवर, तळव्यावर, चारी बोटांवर, अंगठ्यावर. पाहुण्यांची हकीकत कुठेही तुटली नाही. चाचांनी आरी पुसली.

"झालं?" दादांनी विचारलं. "कुठं लावली?"

मायने तोंडाला पदर लावला. "मागच्या संक्रांतीला," ती म्हणाली, "शेगडीपाशी बसले व्हते. करपल्याचा वास आला. मी म्हणलं, दूध उतू गेलं की काय. दूध कुठलं. ह्यांची टाच जळून राहिली व्हती निखाऱ्यावर. वास मला आला. ह्यांना पत्ता न्हाई."

दादा ओशाळून हसले. तो वास मलाही आठवत होता. मी त्या दिवशी घरीच होतो, कोपऱ्यात रसायनशास्त्र वाचत. मायने टाचेला खोबरेल लावलं आणि आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्या खोलीत मात्र मला दादांचा राग आला आणि तेवढीच मायाही आली. ज्या पाण्यातून मला बाहेर काढायला ते रात्र-रात्र उभे राहिले, तेच पाणी त्यांनी मला बादलीत भरून दिलं होतं, आणि त्यांना खरंच वाटत होतं की हे सोपं आहे.

चार दिवसांनी डॉक्टरांसमोर बाकावर आम्ही दोघं शेजारी बसलो, चार पाय समोर. माझी बोटं राहिली. नखं गेली, कातडी गेली, आणि जाणीव परत आली ती आग घेऊन. रात्री पायांवर चादरसुद्धा सोसवेना. गार पाणी तर आजही सोसत नाही. डॉक्टर म्हणाले, दुखतंय ना, मग चांगलं आहे. दादांच्या रक्ताच्या, साखरेच्या सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. "यांच्या पायांचं फार जुनं आहे," डॉक्टर म्हणाले. "आता ते परत यायचं नाही. रोज डोळ्यांनी बघायचं, बोटांमधून पुसायचं, पाण्यात उघड्या पायांनी जायचं नाही."

दादांनी विचारलं, "अन् गव्हाला पाणी?"

जलीलचाचांनी त्यांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणून दिले. पहिल्या वर्षी दादा ते घालून दोन लग्नांनाही गेले.

बारावीची परीक्षा मी पाय उशीवर ठेवून दिली. पर्यवेक्षकांनी कॉपीच्या संशयाने उशी दोनदा उसवली. मार्क बरे पडले, डॉक्टर होण्याइतके नाहीत. पुढे नांदेडला बी.एस्सी. केलं, रेल्वेची परीक्षा दिली आणि इथलाच झालो. दादांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. बादली मायने गावी नेली आणि तिच्यात म्हशीची पेंड भिजवायला लागली. म्हशीने तिच्यात फक्त तोंड घातलं. तेवढी अक्कल तिला होती.

तो बोर्डात आलेला मुलगा काही वर्षांपूर्वी एका कामासाठी आमच्या ऑफिसात आला होता. आता मोठा डॉक्टर आहे. मी चहा सांगितला आणि बादलीचं विचारलं. तो हसायला लागला. "दोनच दिवस केलं हो ते. सर्दी झाली, बंद केलं. पण स्टेजवर काही तरी सांगावं लागतं ना." त्याचा कागद मी दुसऱ्याच दिवशी पुढे सरकवला. पण तो एक दिवस मी मुद्दाम लावला.

यंदाच्या जानेवारीत दादा डोळे दाखवायला नांदेडला आले. बहात्तर वर्षांचे झालेत, आता गावी पाणी दुसरेच देतात. रविवारी सकाळी त्यांना गुरुद्वाऱ्यात घेऊन गेलो. पाय धुवायच्या पाण्यातून मी नेहमीप्रमाणे दोन उड्यांत, ओरडत पार झालो आणि मागे वळून पाहिलं. दादा पाण्यात थांबले होते. धोतर हाताने वर धरून आपल्या पायांकडे बघत होते. मागची माणसं खोळंबली.

"सुदर्शन, लई गार हाय का रे?"

"हाव, दादा."

"कसं लागतं?"

मी परत त्या पाण्यात त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. आधी सुया टोचतात. मग घोट्यात कळ येते, ती हाडातून वर चढते, आणि वाटतं की आत्ताच्या आत्ता बाहेर पळावं. ते मान हलवत ऐकत होते, पूर्वी माझा निकाल ऐकायचे तसे.

"हाव," ते म्हणाले. "आसंच व्हतं ते. आठवलं."

बाहेर आल्यावर मी त्यांना पायरीवर बसवलं, रुमाल काढला आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं एकेका बोटाच्या फटीतून त्यांचे पाय पुसायला लागलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी मान खालीच ठेवली. दादांची नजर समोरच्या गर्दीत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "झालं का रे पुसून?"

त्यांचा दुसरा पाय अजून माझ्या हातातच होता.